तीस सेकंदांची हेस्टर

तुम्ही एका म्हातारीचा आवाज बंद केलात. साइट बंद केली असं तुमच्या मेलमध्ये आहे, पण मी त्याला आवाज बंद करणंच म्हणणार. ज्या भाषेतलं एक अक्षर तुमच्यापैकी कुणी वाचलं नाही, त्या भाषेत बोलणाऱ्या बाईला तुम्ही चार ओळींत स्पॅम ठरवून मोकळे झालात. खाली कुणाची सही नाही.

भाड्यानं घेतलेला सर्व्हर तुमच्या कंपनीचा, पण साइट मी बांधली. मी विद्याश्री, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर. हे काम मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात मालाची चलनं करायचे, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघून शिकले. मग दक्षिण आफ्रिकेतल्या योहानचं काम मिळालं. त्याची माणसं आफ्रिकान्स बोलतात, आणि पोटापाण्यासाठी कॅनडा, न्यूझीलंड, कुठं कुठं पांगलीत. शेजारी आपल्या भाषेतलं बोलायला कुणी नाही. त्यांना बसायला एक कट्टा पाहिजे होता. मला फार समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही घरात कन्नड बोलतो, उंबऱ्याबाहेर मराठी. एक भाषा घरात जपून ठेवणं म्हणजे काय, ते आम्हाला कळतं.

नाव नोंदवायचा फॉर्म करत होते, तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई दानम्मा, मागं येऊन उभी राहिली. मी सांगितलं (आमचं बोलणं कन्नडमधलं, इथं मराठीत लिहिते), नाव, ईमेल आणि पासवर्ड भरला की माणूस आत.

“आन् कुठलं, कुणाचं, ते?”

“ते लागत न्हाय, अव्वा.”

“लागत न्हाय? पावण्याला आजोळ इचारल्याबिगर मी च्या टाकत न्हाय, आन् तू सगळं घर उघडून देतीस? शिकलीस ती वाया गेलीस.”

म्हणून दोन रकाने वाढवले, गाव कुठलं आणि आजोळ कुठलं. सक्तीचे केले. योहान हसला, असलं फॉर्ममध्ये कोण विचारतं म्हणाला. पण आठवड्याभरात लोक त्या आजोळच्या रकान्यात पानंच्या पानं लिहायला लागले. आईच्या गावची विहीर, आजीच्या हातचे वाळवलेले पीच, मामाचं चावकं कुत्रं. मी भाषांतराच्या यंत्रातून वाचत बसायचे. दोन वर्षांत यंत्राशिवायही बरंच कळायला लागलं.

हेस्टर तिथंच भेटली. वय एकोणऐंशी, घरात एकटी. साइटवर सगळे तिला ‘तानी’ म्हणतात, म्हणजे मावशी. तिनं गावाच्या रकान्यात लिहिलं डोरिंगफोंटेन, चार घरांची वस्ती. चार महिन्यांनी कॅनडातल्या एल्झानं आजोळाच्या रकान्यात तेच लिहिलं, आणि पुढं, “आई सांगते तेवढंच माहीत आहे, मी कधी गेले नाही.” ती हेस्टरच्या धाकट्या बहिणीची, मार्थाची लेक निघाली.

या दोघी बहिणी शेचाळीस वर्षं बोलल्या नव्हत्या. मार्थानं बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं. नंतर कपडे न्यायला दारात आली, तेव्हा हेस्टरनं दार लावून घेतलं होतं.

आता मार्थाला फारसं काही आठवत नाही, हेस्टर रागावलीय का, एवढंच विचारत राहते. इंग्रजी पुसली गेली, लहानपणची आफ्रिकान्स तेवढी राहिली. व्हिडिओवर बहीण दाखवली तर घाबरली, ही म्हातारी कोण म्हणाली. मग हेस्टरनं साइटवर नुसता आवाज नोंदवला, तीस सेकंद. “मार्था, मी रागावले नाही गं. त्या दिवशी दार मी लावलं, चूक माझी. आता उघडंच आहे. जेवून घे.”

मार्थानं तो टॅबलेटवर ऐकला आणि ती जेवली. तीन दिवस तिनं अन्नाला हात लावला नव्हता, असं एल्झानं लिहिलं. संध्याकाळपर्यंत ती ते विसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, हेस्टर रागावलीय का? म्हणून हेस्टर रोज सकाळी नवा निरोप नोंदवायची.

फेब्रुवारीत हेस्टरच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, नुसती खरखर राहिली. मार्थानं ती ओळखली नाही, टॅबलेट ढकलून दिला. तेव्हा मी हेस्टरला लिहिलं, पहिलाच निरोप रोज पुन्हा टाका. सल्ला माझा होता. तिनं एकशे बारा दिवस तो टाकला आणि मार्था एकशे बारा दिवस जेवली.

तुमच्या यंत्राला एवढंच दिसलं की एका खात्यावरून अनोळखी भाषेत तेच तेच येतंय. लावलं टाळं.

माझीही अक्कल बघा. निरोप थेट साइटवर नोंदवलेले, आणि त्यांची दुसरी प्रत मी ठेवली तीही तुमच्याच सर्व्हरवर. माझ्याकडं काही नाही. हेस्टरकडं नाही, एल्झाकडंही नाही.

हे सांगायला मी तिला व्हिडिओ लावला. सांगता सांगता मला रडू फुटलं. तिनं कागदावर लिहून दाखवलं, “रडू नकोस, पोरी.” तेवढ्यात अव्वा येऊन फोनपुढं बसली. हेस्टर खरखरली, अव्वा कन्नडमध्ये बोलली. एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी वीस मिनिटं दोघी बसल्या. फोन ठेवल्यावर अव्वा म्हणाली, “आवाज गेला म्हणून काय झालं, माणूस हाय न्हवं?” माझ्यासाठी ते खरं आहे. मार्थासाठी मात्र तो आवाज म्हणजेच हेस्टर.

मी तुम्हाला अकरा मेल लिहिले. अकरा वेळा तेच छापील उत्तर आलं. तेच तेच पाठवल्याबद्दल तुम्हाला कोण बंद करत नाही.

काल एल्झाचा निरोप आला. आई टॅबलेटवरचं बटण दाबत राहते, मग ताट बाजूला सारते. ती म्हणते, हेस्टरनं दार लावलं.

तीस दिवसांनी सगळं पुसणार असं तुमच्याच मेलमध्ये आहे. आज सव्विसावा दिवस. साइट परत देऊ नका, माझं खातं कायमचं बंद करा, मी भांडणार नाही. ती तीस सेकंदांची एक फाइल काढून द्या. तुमच्यातल्या कुणीतरी एकदा ती कान देऊन ऐका, आणि मग स्वतःच्या हातानं, खाली स्वतःचं नाव घालून मला लिहा, देताय का न्हाय?