नेडच्या रानातली फांदी

डोरा पिल्चरच्या रागाला ब्रॅकनली गावात सगळेच वचकून असत, पण त्या मे महिन्यात तिचं डोकं फिरलं ते काही भांडीकुंडी आपटून शांत होण्यातलं नव्हतं. रानाच्या मोठ्या फाटकाला हे एवढं कुलूप लागलं होतं आणि शेजारी पाटी: सिनेमाचं शूटिंग चालू आहे, कंपनीच्या माणसांखेरीज कोणी आत येऊ नये.

परक्या माणसाला वाटेल, असू दे की कुलूप, चार दिवसांत निघेल. पण मेचा शेवटचा शुक्रवार तोंडावर आला होता. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत गावकऱ्यांनी रानात जायचं, मनगटापेक्षा जाड नाही अशी एक हिरवी फांदी तोडायची आणि गाडीघोडा न वापरता, हातानंच ती फाटकाबाहेर काढायची. फाटकाशी तीनदा ओरडायचं, "रान नेडचं, फांदी आमची." एवढं केलं की वर्षभर पडलेलं, वाळलेलं लाकूड गावाचं. आणि एक वर्ष जरी चुकलं, तरी हक्क कायमचा गेला. आजोबा-पणजोबांच्या आधीपासून चालत आलेलं हे, आणि कोणी चुकवलं नव्हतं. मागच्या महायुद्धात रानात सैन्याची छावणी पडली होती, तेव्हासुद्धा तिथल्या हवालदारानं फाटक उघडून दिलं होतं आणि स्वतः एक फांदी खांद्यावर घेतली होती.

लढाई संपून इतकी वर्षं झाली, तरी कोळसा रेशनवरच. मिळायचा तो निम्मा दगड. डोराचे वडील, म्हातारा आल्फ, जन्मभर दगडाच्या खाणीत राबलेला. थंडीत त्याची छाती अशी वाजायची की भिंतीपलीकडची फ्लो हॅगेट विचारायला यायची, म्हातारबाबा बरे आहेत ना. नवरा गेल्यापासून डोरा शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडून घर चालवत होती. रानातलं लाकूड बंद झालं तर बापाचा पुढचा हिवाळा निघणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती तडक गेली लॉर्डच्या इस्टेटीच्या कारभाऱ्याकडे; रान त्याच इस्टेटीतलं. हा मिस्टर लॅम्ब्रिक म्हणजे बोलायला लोणी. त्यानं खुर्ची दिली, चहा विचारला आणि म्हणाला की लॉर्डसाहेबांनी कंपनीशी करार केलाय, आता माझ्या हातात काय आहे.

"पुढच्या वर्षी या की सगळे. रान कुठे पळून जातंय, मिसेस पिल्चर?"

"रान नाही पळत. हक्क पळतो. आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे."

लॅम्ब्रिक नुसता हसला. त्या हसण्यात सगळं आलं. लाकूडवाले ठेकेदार दोन वर्षं इस्टेटीच्या पायऱ्या झिजवत होते आणि गावचा हक्क असेतोवर त्यांना झाडाला हात लावता येत नव्हता. शूटिंगला नेमका हाच आठवडा कसा बरं सापडला? पाद्रीबाबांकडे गाऱ्हाणं नेलं, तर ते म्हणाले, जरा समजुतीनं घ्या. म्हणजे आपण समजुतीनं घ्यायचं आणि त्यांनी रान घ्यायचं.

त्यात आणखी जखमेवर मीठ म्हणजे, सिनेमा कुणाचा? तर नेडचाच. नेड टार्लो, ब्रॅकनलीचा कोळसे पाडणारा. तेव्हाच्या लॉर्डनं लोकांना रानबंदी केली, तर हा नेड दहा वर्षं त्याच रानात राहून त्याचीच हरणं मारून गावाला खाऊ घालत होता. शेवटी पकडला आणि फाटकासमोरच्या ओकच्या झाडाला टांगला. गावात पोराला चालता येण्याआधी नेडची गोष्ट ऐकायला मिळते. आणि ह्यांच्या सिनेमात? नेड म्हणे कोळसेवाला नव्हताच. तो एका सरदाराचा हरवलेला मुलगा. शेवटी राजा येतो, नेड गुडघे टेकतो, राजा त्याला माफ करतो आणि बापाची जहागीर परत देतो. हे ऐकल्यावर डोरानं हातातला डाव पातेल्यात असा आपटला की शाळेची पोरं चिडीचूप झाली.

"माफी? कसली माफी? कुणी कुणाची मागायची?" ती घरी येऊन बापाला म्हणाली. आल्फ खोकला आवरत म्हणाला की पैसेवाल्यांना गरीब माणूस शूर झालेला बघवत नाही, म्हणून ते त्याला आपल्यातलाच करून टाकतात.

कंपनी मात्र फाटकी होती. किल्ला प्लायवूडचा, त्याची मागची बाजू नव्हतीच. शिपायांची चिलखतं सुतळीची विणलेली, वर चंदेरी रंग मारलेला. पाऊस आला की ती गुडघ्यापर्यंत लोंबायची. दोनच घोडे होते, ते कॅमेऱ्यासमोरून जायचे आणि मागून धावत येऊन पुन्हा जायचे. सकाळी नेडचे साथीदार असलेले लोक दुपारी टोप बदलून सरदाराचे शिपाई व्हायचे आणि स्वतःलाच शोधत फिरायचे. शेवटच्या प्रसंगाला गर्दी हवी होती आणि लंडनहून आणखी माणसं आणायला पैसे उरले नव्हते. तेव्हा दिग्दर्शकाचा मदतनीस गावातल्या दारूच्या गुत्त्याबाहेर बाकावर उभा राहून सांगू लागला की शुक्रवारी गावकऱ्यांनी गर्दी म्हणून यावं, दिवसाचा पगार आणि दुपारचं जेवण मिळेल.

शुक्रवारी! डोराला आधी त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. आपल्याच रानात भाड्यानं उभं राहायचं? पण घरी जाताना तिची पावलं थांबली. फाटकाच्या आत जायचंय ना, मग हेच घेऊन जातायत की. ती त्याच पावली मागे फिरली आणि पहिलं नाव तिनं दिलं. मग दारोदार गेली. फ्लोला पोरांच्या बुटांसाठी पगार हवाच होता, ती हो म्हणाली. बाकीच्यांनाही कुणाला पगार हवा होता, कुणाला फांदी, बऱ्याच जणांना दोन्ही.

शुक्रवारी सगळ्यांना गोणपाटाचे झगे दिले. डोरानं तो आपल्या लोकरी जाकिटावरूनच चढवला आणि कमरेला दोरी बांधली. दिग्दर्शक मिस्टर ऑर्टन हा पोरगेलासा, रात्ररात्र न झोपलेला माणूस. त्याच्या पुढ्यात जाऊन ती साळसूदपणे म्हणाली की साहेब, राजा येतोय म्हटल्यावर लोक रिकाम्या हातानं कसे येतील, हिरव्या फांद्या तरी हव्यात. फुकटची शोभा! ऑर्टननं तिचे दोन्ही हात धरले. जेवणाच्या सुट्टीत सगळं गाव रानात पांगलं आणि एकेक फांदी तोडून घेऊन आलं. मनगटाएवढीच, मापात.

आणि नेमका तेव्हा लॅम्ब्रिक आला.

त्यानं फांद्या बघितल्या, डोराकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. पण माणूस चिडला नाही. ऑर्टनला बाजूला घेऊन दोन शब्द बोलला आणि मग सर्वांना ऐकू जाईल असं, अगदी गोड आवाजात म्हणाला, "छान दिसताय हो सगळे. फक्त एक लक्षात ठेवा. आज तुम्ही गावकरी म्हणून आला नाहीत, कंपनीचे नोकर म्हणून आलात. म्हणजे ह्या फांद्या कंपनीचं सामान. काम संपलं की इथंच टाकायच्या आणि पगार घेऊन घरी जायचं."

ऑर्टननं मान डोलावली. त्याला काय, त्याला उजेड जायच्या आत राजा आणि नेड उरकायचे होते.

डोराची कानशिलं तापली. काय माणूस म्हणावा हा! फांदी हातात, पाय रानात, आणि तरी हा म्हणतो तुम्ही नाहीच इथे. वाईट म्हणजे, त्याचं बोलणं कोर्टात टिकलं असतं. आसपासच्यांची तोंडं उतरली. कोणी म्हणालं, जाऊ दे डोरा, पगार तरी पदरात पाडून घेऊ.

प्रसंग सुरू झाला. पुठ्ठ्याचा मुकुट घालून राजा आला. लायनेल फेन नावाचा हिरो, हिरव्या तंग विजारीत, दाढी एका बाजूनं सुटत चाललेली, गुडघ्यावर बसला. राजानं त्याला माफ केलं, सरदार केलं. मदतनिसानं रुमाल हलवला. आता गर्दीनं जयजयकार करायचा होता.

कोणी तोंड उघडलं नाही.

ठरवलेलं नव्हतं हे. डोरानं ओठ मिटून घेतले होते खरे, पण तिला वाटलं होतं आपण एकटीच. शेजारी बघितलं तर फ्लोही गप्प, मागचा लोहार गप्प, त्याच्या सुनेच्या कडेवरचं पोर तेवढं कुरकुरत होतं. लहानपणापासून ज्या नेडला त्या ओकवर लटकलेला डोळ्यांसमोर आणला, त्याला राजापुढे वाकलेला बघून ओरडायचं कसं?

ऑर्टननं कपाळाला हात लावला. फेन उठून गुडघे झाडत ओरडला, "ह्या लोकांना झालंय काय? पैसे घेतात ना? मग ओरडायला सांगा त्यांना!"

झालं. डोरानं कमरेची दोरी सोडली. झगा डोक्यावरून काढला, नीट घडी घातली आणि चहाच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग फांदी उचलली.

"मिस्टर ऑर्टन, मी काम सोडलं. सकाळपासूनचा पगार नको मला, जेवणाचे पैसे सांगा, आणून देते. मिस्टर लॅम्ब्रिक, आता मी कुणाची नोकर नाही. मी आल्फ पिंडरची मुलगी, ब्रॅकनलीची. आणि ही फांदी माझी आहे."

ती चालायला लागली. मागे वळून बघायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं, कारण मागे कोणी नसलं तर ती तिथंच थांबली असती. ऑर्टन विनवण्या करत होता, एकच टेक, फक्त एक, बायांनो. मग झगे काढल्याची खसखस ऐकू आली, मग पावलं. फ्लो धापा टाकत शेजारी आली आणि म्हणाली की पोरं अजून एक वर्ष जुन्याच बुटांत काढतील, मरू दे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती शिव्या देत होती.

फाटकाला कुलूप होतं. लॅम्ब्रिक मोटारीतून आधीच येऊन पोचला होता आणि फाटकाला पाठ टेकून उभा होता. बाहेर गावातली म्हातारीकोतारी जमली होती, त्यांत आल्फही काठी टेकून.

"किल्ली घरी राहिली," लॅम्ब्रिक म्हणाला. "फाटक उघडलं नाही तर फांदी बाहेर जात नाही. आणि सूर्य बघा कुठे आलाय."

डोरा त्याच्याजवळ गेली नाही. ती कडेला सरकली, फाटकाच्या गजांमधून फांदी बाहेर घातली आणि म्हणाली, "बाबा, धरा."

आल्फनं काठी टाकली आणि दोन्ही हातांनी फांदी ओढली. पानं गजांत अडकली, थोडी गळली, पण फांदी गेली. त्याच्यामागे दुसरी गेली, तिसरी, मग सगळ्याच, हातातून हातात. लॅम्ब्रिक इकडून तिकडे धावला, पण माणसाला हात किती असणार? मग कुलपाच्या दोन्ही बाजूंनी सगळं गाव एकदम ओरडलं, "रान नेडचं, फांदी आमची." तीनदा. आल्फला तिसऱ्यांदा ओरडवेना, खोकल्यानं तो दुमडला, पण फांदी त्यानं कुणाला दिली नाही. घरापर्यंत ती त्यानं स्वतःच्याच खांद्यावरून नेली.

इस्टेटीनं वकील गाठला. पण हातानं बाहेर काढायची एवढंच नियमात होतं. कुणाच्या हातानं आणि फाटक उघडून की बंद ठेवून, ते कुठेच म्हटलेलं नव्हतं. वकिलानं हात वर केले. लाकूडवाले ठेकेदार दुसऱ्या गावी गेले.

सिनेमा डिसेंबरात आला. शनिवारी दुपारचा खेळ बघायला डोरा आणि फ्लो बसनं शहरात गेल्या. आल्फ घरीच राहिला, चुलीपुढे पाय पसरून. चुलीत रानातलं लाकूड होतं. पडद्यावर शेवटी राजा आला, नेड गुडघ्यावर बसला. मागे कोणी नव्हतं, नुसतं रिकामं कुरण आणि एका बाजूला चहाच्या टेबलाचा पाय. तरीपण जयजयकार मात्र असा दणदणीत ऐकू आला की थिएटर हादरलं. कुठल्यातरी फुटबॉलच्या मैदानावरचा आवाज आणून चिकटवला होता. नीट ऐकलं तर मध्ये पंचाची शिट्टीही होती.

डोरा अंधारात उभी राहिली. मागचे लोक म्हणाले, बाई खाली बसा. ती बसली नाही.

"तो आवाज आमचा नाही," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आम्ही तिथे होतो. आम्ही ओरडलो नाही."