क्रँकचा पीळ

आरमोरीच्या नानाजींचा हात लागला की इंजिन सुधारलंच पाहिजे, असं गाव म्हणे. लोक असं म्हणतात आणि माणूस बिघडतो, दुसरं काय! आपल्या भातगिरणीचं, जुन्या ट्रकमधून काढलेलं इंजिन त्यांनी स्वतः खोलून बांधलं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला रबर बसवलेली जड चकती असते, तिचं रबर फाटलं होतं. नानाजींनी ती भंगारात टाकून लेथवरून सबंध लोखंडी पुली करून आणली. चालू इंजिनावर रुपयाचा सिक्का उभा केला. सिक्का हलेना. ते लेकीला म्हणाले,

"पाहून घे! हाय कुठी थरथर?"

ही लेक, उर्वशी, चंद्रपूरच्या कारखान्यात इंजिनं तपासायची. तिनं क्रँकच्या दोन्ही टोकांना सेन्सर लावून ते लॅपटॉपला जोडले, वेग वाढवत नेला, आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, वरून शांत हाय, पण आत क्रँक पिळून राह्यला. ओला कपडा पिळल्यावानी. वेग वाढला का पीळ लय वाढते. ते रबर त्याले आवरत होतं. क्रँक तुटला तं मांगचं जड चाक, फ्लायव्हील, उडन."

"जिंदगी गेली माही इंजिनात. मले नको शिकवू!"

बाहेर धानाची पोती घेऊन माणसं खोळंबली होती. त्यांच्यादेखत पोरीचं ऐकायचं? नानाजींचं टाळकं फिरलं. त्यांनी रोशनला हाक मारली. गिरणीचा हा गडी पट्टा सरकवायला रोज फ्लायव्हीलला खेटून उभा राही. बिचारा आजही निमूट जाऊन उभा राहिला.

नानाजींनी वेग वाढवला. उर्वशीच्या पडद्यावरची रेघ चढतच गेली.

"बाबा, बंद करा!"

त्यांनी मान फिरवली. भीती वाटत होती हो, पण चारचौघांत माघार घ्यायची लाज त्याहून मोठी. त्यांनी आणखी वेग दिला.

तशी उर्वशी उठली. "रोशनभाऊ, सरका," म्हणत तिनं त्याला बाजूला ढकललं, पट्ट्याचा दांडा धरला आणि त्याच्या जागी उभी राहिली.

"चालवा आता."

नानाजींनी झटक्यात इंजिन बंद केलं.

"मरतं का वो, माय!" ते ओरडले. "नाई चालवत. नवी चकती आणतो. चुकलं माहं."

नानाजींच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द आरमोरीनं कधी ऐकला नव्हता. पोत्यांवरची माणसं हसायलाही विसरली.

रोशन भिंतीशी उभा होता. त्यानं हात पुसले आणि हळूच विचारलं, "नानाभाऊ, मी उभा होतो, तवा काऊन नाई बंद केलं?"