वीरसिंग ठेकेदार

अक्कलकुव्याजवळच्या खापर गावात चुनीलालची लाकडाची वखार होती. तापीकाठची भावकीतली शेती सोडून त्याने ती एकट्याच्या हिमतीवर उभी केली होती. डोंगरातून माल आणायचा तो वीरसिंग. गाड्या त्याच्या, बैल त्याचे, सोबतीची माणसंही त्याचीच. पण कोणत्या दिवशी निघायचं, कोणत्या वाटेने यायचं, हे चुनीलाल सांगायचा.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी चुनीलाल विक्रीकराचा नंबर काढायला धुळ्याला गेला. नंबराशिवाय मोठे व्यापारी माल घेईनात. वकिलाने विचारलं, "मजुरी कोणाला देता?"

"वीरसिंगले. मन्हा घरना माणूस शे तो."

"घरचा ठीक आहे. पण नोकर की स्वतंत्र ठेकेदार? नोकर लिहिलात तर त्याचं बरंवाईट तुमच्या गळ्यात."

चुनीलाल म्हणाला, "ठेकेदार लिखा."

नंबर आला. वखारीवर नवी पाटी लागली. वीरसिंगला त्याने हसत सांगितलं, "आते तू ठेकेदार व्हयना!" वीरसिंगला त्याचं भारी अप्रूप वाटलं. घरी जाऊन त्याने भुरीबाईला, आपल्या बायकोला, दोनदा सांगितलं.

पुढच्या भादव्यात व्यापाऱ्याचा ट्रक वखारीपुढे येऊन उभा राहिला. वीरसिंग म्हणाला, "शेठ, घाट वला शे. बैलं थकी ग्यात. उद्या आनसू."

"आजच आन. ट्रक थांबाव नही."

वीरसिंग गेला. उतारावर गाडी कलंडली आणि ओंडका त्याच्या मांडीवर आला. अक्कलकुव्याच्या दवाखान्यात पाय कापावा लागला.

महिन्याभराने मजूर कचेरीचे साहेब भरपाईच्या चौकशीला वखारीत आले. वीरसिंगलाही बोलावलं होतं. कुबडी भिंतीला टेकवून तो खाली बसला.

"हा तुमचा नोकर होता?" साहेबांनी विचारलं.

चुनीलालला 'मीच पाठवलं त्याला,' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं, "नही साहेब. स्वतंत्र ठेकेदार शे."

साहेब वीरसिंगकडे वळले. त्याने मान हलवली. "हां साहेब. शेठ खरं बोलस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट थोडा अभिमानच होता, आणि चुनीलालला तोच सोसवला नाही.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आठवड्याने तो धुळ्याला साहेबांकडे गेला, खरं काय ते सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "तुम्ही दोघांनीही जबाबावर सह्या केल्यात. प्रकरण मिटलं."

येताना तो वीरसिंगच्या पाड्यावर गेला. बैल विकले गेले होते. भुरीबाईने बसायला खाट टाकली, पाणी दिलं. चुनीलालने खाली बघत म्हटलं, "वीरसिंग, तू मन्हा नोकरच व्हता. मी खोटं बोलनू."

वीरसिंग म्हणाला, "ते तवा सांगनं व्हतं, शेठ."

चुनीलालने पाणी न पिताच लोटा खाली ठेवला आणि उठला. पाड्याची उतरण उतरताना त्याला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.