मातीखालची ओळ

लॉर्नाचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती आणि एडविन कॉरिगल मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. पत्र त्यांना जवळजवळ पाठ होतं. शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात त्यांनी ते ठेवलं होतं आणि त्या खंडातला एखादा शब्द पाहायची वेळ आली, की मास्तर तो शब्दच टाळत.

पत्र कॅनडातून आलं होतं. ‘सँडगार्थ गावच्या इतिहासाची तुमची पुस्तिका इथल्या वाचनालयात मिळाली,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘एकेचाळिसाव्या पानावर तुम्ही म्हणता, की गिल्बर्ट मारविक १८५३ साली बुडून मेला आणि पुढे इकडे त्या नावानं राहिलेला माणूस तोतया होता. तो तोतया म्हणजे माझा पणजोबा. ते पान मी आईला वाचून दाखवलं, ही माझी चूक. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिनं आपल्या आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि आता विचारते, मग मी कुणाची? तुमच्याकडे पुरावा काय होता, एवढं कळवाल का?’

पुरावा होता, आणि मास्तरांना तो भक्कम वाटला होता. मारविकांचा थोरला गिल्बर्ट अठराव्या वर्षी कातड्यांच्या व्यापारात नोकरी धरून स्ट्रॉमनेस बंदरातून जहाजानं कॅनडाला गेला. पुढच्या वर्षीच्या जहाजानं निरोप आला, की होडी उलटून तो गेला. आईबापांनी चर्चच्या आवारात शिळा उभी केली. त्यानंतरच्या वसंतात त्यांना मुलगा झाला आणि चर्चच्या वहीत त्याचं नाव लागलं गिल्बर्ट. थोरल्याला आजोबांचं नाव द्यायचं आणि तो गेला तर ते पाठच्याला द्यायचं, घरातून नाव जाऊ द्यायचं नाही, ही इथल्या ऑर्कनी बेटांची रीत. पण पहिला जिवंत असताना कोण असं करील? तेव्हा थोरला मेला हे नक्की आणि कॅनडातला माणूस खोटा. हा तर्क सुचला त्या दिवशी मास्तर खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आले होते. आयुष्यात त्यांना असे तर्क फार सुचले नव्हते.

लॉर्नाला लिहायला बसले, तेव्हा मात्र हात चालेना. पहिला मसुदा ठाम होता. चौथ्यात ‘बहुधा’ आलं, सातव्यात ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’. अकराव्यात नुसतं हवामान होतं. तो पाठवण्यात अर्थ नव्हता.

यंदा मार्चमध्ये इतिहास मंडळानं पुस्तिका पुन्हा छापायची ठरवली. शुक्रवारपर्यंत दुरुस्त्या मागितल्या. मास्तरांनी जुन्या वह्या टेबलावर काढल्या. त्यांत एका पाद्र्याची वही होती. शंभर वर्षांपूर्वी त्यानं आवारातल्या शिळा एकेक करून उतरवून घेतल्या होत्या. मारविकांच्या शिळेचा मजकूर संपला, त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘खाली आणखी आहे. गवत चढलंय.’

मास्तरांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. तीस वर्षांपूर्वीही त्यांनी ते वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं.

“जेसी,” त्यांनी बहिणीला विचारलं, “मारविकांची शिळा मी कधी पाहिलीये का गं?”

जेसी विधवा होऊन भावाकडे राहायला आली त्याला बारा वर्षं झाली होती. असल्या प्रश्नांचं तिला नवल उरलं नव्हतं. “दर रविवारी तिच्या अंगावरून तर जातोस. मान खाली घालून. कुणी बोलायला थांबवेल म्हणून.”

“तसं नाही. समोर उभं राहून, वाचून.”

“ते मी कसं सांगू? पुस्तकात छापलंयस ना तू?”

“मी ते वहीतून उतरवलं.”

बॅनकच्या जाड भाकरीवर लोणी लावता लावता जेसीचा हात थांबला. “चर्च इथून चारशे पावलांवर आहे, एडी.”

“वहीतलं अक्षर फार स्वच्छ होतं,” मास्तर म्हणाले.

“आणि तिकडे त्या म्हातारीला बिचारीला आजोबा उरले नाहीत.” तिनं बॅनक त्यांच्यापुढे सरकवलं. “खा आणि जा. मला तुझ्याबरोबर यायला लावू नकोस, मी सगळ्या गावाला सांगेन.”

टॅमो लिंकलेटर आवारात गवत कापत होता. गावातल्या कबरी तोच खणायचा. शाळेत तो मास्तरांच्याच वर्गात होता, मागच्या बाकावर.

“जागा बघायला आलात का, मास्तर? वाऱ्याच्या आडोशाला एक ठेवलीय. निवांत. शेजारी कुणी बडबडं नाही.”

“आज दुसऱ्याचं काम आहे, टॅमो.” मास्तरांनी शिळेकडे बोट केलं. “हिच्या पायथ्याची माती काढायला परवानगी लागेल ना? चर्चच्या मंडळींना मी रीतसर पत्र लिहितो.”

“तुम्ही पत्र लिहिणार? तोवर माझीच शिळा उभी राहील इथं.” टॅमोनं फावडं उचललं. “सरका जरा.”

त्यानं हिरवळीचे चौकोन कापले आणि उलटे करून ओळीनं बाजूला मांडले. पुन्हा जागच्या जागी बसवायचे होते. दगड जवळ आल्यावर फावडं टाकून तो हातानं माती ओढू लागला. मास्तरही गुडघ्यांवर बसले. थोरल्या गिल्बर्टच्या बुडण्याची ओळ वर होती, खाली आईचं नाव, मग बापाचं. त्याच्याही खाली, वीतभर मातीत, दगड ओला आणि काळा होता. टॅमोनं बादलीतलं पाणी घालून केसाळ ब्रशनं तो धुतला. अक्षरं असल्यासारखी वाटत होती, पण लागत नव्हती.

“थांबा,” म्हणून टॅमो खोपटात गेला आणि दाढीचा आरसा घेऊन आला. तो त्यानं बाजूला तिरपा धरला. उन्हाचा पट्टा दगडावर आडवा सरकला आणि एकेक अक्षर सावली धरून उभं राहिलं.

मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचायचे तसं, सावकाश. “तसेच, वर नोंदलेला त्यांचा मुलगा गिल्बर्ट, जो बुडाला नव्हता. कॅनडात रेड नदीच्या काठी १८८९ साली वारला. त्याच नावाच्या त्याच्या भावानं हे कोरवलं.”

टॅमोचा आरसा हलला. “म्हणजे दोघं गिल्बर्ट एकाच वेळी जिवंत?”

“पस्तीस वर्षं.”

“आणि आईनं जेवायला हाक मारली तर?”

“एक जण समुद्रापलीकडे होता, टॅमो.”

“तरी पण.” त्यानं विचार केला. “धाकट्याचं नाव बदलायचं होतं की. थोरला जिवंत आहे कळल्यावर.”

“जहाज वर्षातून एकदा यायचं. खरी बातमी येईपर्यंत पोरगं त्या नावाला वळून बघायला लागलं असणार. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलेलं, नाव वहीत लागलेलं. ते कसं काढून घेणार?” मास्तर बोलता बोलता थांबले. बातमी कधी आली, कुणी आणली, दगडावर नव्हतं. थोरल्याला कळलं असेल का, की घरात आपल्या नावाचा दुसरा आहे? म्हणून तर तो परतला नसेल? कुणी सांगावं. एक तर्क त्यांनी याआधी केला होता, तेवढा पुरे होता.

कोटाच्या खिशातून कागद काढून त्यांनी ओला दगड फडक्यानं टिपला, कागद त्यावर धरला आणि शिसपेन्सिल आडवी फिरवून ती ओळ उमटवून घेतली. दोनदा, एक मंडळासाठी.

घरी आल्यावर जेसी म्हणाली, “फोन कर. आत्ताच्या आत्ता. कॅनडात काय फोन नसतात?”

“मला नाही जमणार.”

“म्हातारी एकोणनव्वदची झाली असेल. असलीच तर.”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले. तेच त्यांना सगळ्यात जास्त माहीत होतं. सहा वर्षांत किती सकाळी ती त्या रिकाम्या भिंतीसमोर बसली असेल, याचा हिशेब ते अलीकडे मनात सुरू होऊ देत नसत.

त्या दुपारी त्यांनी एकच मसुदा लिहिला. ‘माझ्याकडे पुरावा नव्हता. चारशे पावलांवरचा दगड मी पाहिला नव्हता, दुसऱ्यानं पाहिलेलं उतरवलं, आणि त्यातलंही एक वाक्य गाळलं. तुमचे पणजोबा तेच गिल्बर्ट मारविक. तसं त्यांच्या भावानं इथं दगडावर लिहून ठेवलंय. ठसा सोबत आहे. एकेचाळिसावं पान बदलून छापलं जाईल, चूक माझी आहे असं त्यावर असेल. आई असतील तर त्यांना आधी ठसा दाखवा, माझं पत्र नंतर.’ शेवटी त्यांना ‘बहुधा’ लिहावंसं वाटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

जेसीनं पाकिटावर तिकिटं चिकटवली, जरुरीपेक्षा दोन जास्त. मास्तर एकटेच दुकानाच्या कोपऱ्यावरच्या तांबड्या पेटीपाशी गेले. वारा समोरून होता. पत्ता त्यांनी आणखी एकदा वाचला आणि पाकीट आत सोडलं. मग ते फटीत अडकलंबिडकलं नाही ना, हे पाहायला दोन बोटं आत घालून चाचपलं. हाताला काही लागलं नाही.