तीन बोटं

घुग्घुसला खाणीच्या रस्त्यावर लटारूचा पानठेला. पानठेला म्हणायचं ते आपलं म्हणायला. पान तिथं कोण खातंय! सगळे खर्ऱ्याचे भक्त. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर टाकून तळहातानं घोटायचं, की झाला खर्रा तयार. खाणीची पाळी सुटली की ठेल्यापुढं मोटरसायकलींची ही रांग लागायची. आणि खुद्द लटारूनं? त्यानं जन्मात कधी चिमूटभर तोंडात टाकला नव्हता. "विकणाऱ्यानं खाल्लं का दुकान बुडते," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा आणि वर आपले पांढरेशुभ्र दात दाखवायचा. भारी मिजास होती गड्याला त्या दातांची.

लेक मयुरी एकोणीस वर्षांची, नाकीडोळी नीटस, पण वरचे दात पुढं आलेले. शाळेत पोट्ट्यांनी तिला जी नावं ठेवली ती काही इथं सांगत नाही. तेव्हापासून ती ओठ मिटून बोलायची, हसू आलं की ओढणी आडवी धरायची. जेवायची तेही कोपऱ्यात बसून, चिमणीएवढे घास. तिखट तर तिला चालायचंच नाही. माय भागीरथा म्हणायची, "लाजते बिचारी." लटारूच्या काळजाला ते लागायचं. पोरगी एकदा तोंडभर हसलेली पाहायची, एवढंच मागणं होतं त्याचं.

दिवाळीनंतर चंद्रपूरच्या शगुफ्ता डॉक्टरांचं दातांचं शिबिर घुग्घुसला आलं. गर्दी म्हणजे जत्राच! डॉक्टरांच्या माणसानं मयुरीच्या चेहऱ्याचे फोटो टॅबवर घेतले, आणि सॉफ्टवेअरनं दोन मिनिटांत तारा लावून दात सरळ झाल्यानंतरची मयुरी समोर उभी केली. दात ओळीत, मोकळं हसणारी. लटारूला भर गर्दीत रडू आलं. तो फोटो त्यानं मोबाइलवर घेतला आणि मग येईल त्याला दाखवत सुटला. "पाह्य, माही पोरगी. दोन वर्सांत अशी दिसन." गिऱ्हाइकाला खर्रा नंतर, फोटो आधी.

ठरल्या दिवशी बापलेक चंद्रपूरला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी स्कॅनर हातात घेतला. "पूर्वी मापासाठी तोंडात लगदा भरावा लागायचा. आता ही दांडी दातांवरून फिरवली की झालं, सगळे दात स्क्रीनवर. कर बेटा, मोठा आ कर."

मयुरीनं आ केला.

"अजून मोठा."

"केला न मॅडम."

दांडी आत जाईना. इकडून घातली, तिकडून घातली. स्क्रीनवर पुढचे चार दात तेवढे आले, बाकी सगळं कोरं.

"लाजून राह्यली मॅडम," लटारू हसत म्हणाला. "लहानपणापासून तशीच हाय. खोल न वं माय, इथी कोण हासते तुले!"

मयुरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बाबा, एवढंच उघडते."

डॉक्टरांनी स्कॅनर बाजूला ठेवला. "तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघ." मयुरीचं दीड बोट गेलं. लटारूनं आपलीही घालून पाहिली. तिन्ही सरळ आत गेली. डॉक्टरांनी बॅटरी लावून तिच्या गालाची आतली बाजू पाहिली आणि हळूच विचारलं, "खर्रा खातेस?"

"छ्या!" लटारूच मधे बोलला. "आमच्या घरी कोणी हातसुदा—"

"मी चाखतो न," मयुरी म्हणाली. "बाबा खात नाईत न. मंग चुना तेज झाला का कमी, कोण सांगन?"

लटारूला पहिला दिवस आठवला. नऊ वर्षांची होती पोर. दर घोटणीला तोच म्हणायचा, चाखून सांग वं माय. मयुरीच्या जिभेवरचा खर्रा म्हणून तर गिऱ्हाईक लांबून यायचं. दहा वर्षं! आपले दात जपले आणि लेकीची जीभ पुढं केली. आपल्यासारखा नालायक बाप उभ्या जिल्ह्यात नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

"तारा कवा लावता मंग?" तरी त्यानं विचारलंच.

"हातच आत जात नाही, भाऊ. आतली कातडी आवळत गेलीय. इंजेक्शनं, तोंडाचे व्यायाम... आहे तेवढं टिकलं तरी खूप. आणि गालातला हा पांढरा चट्टा नागपूरला कॅन्सरच्या दवाखान्यात दाखवा. उशीर नका करू."

लटारूनं खिशातून मोबाइल काढला. "पण मॅडम, तुमच्या कंप्युटरनं त हासतानी दाखवली."

"त्याला चेहरा दिला, त्यानं चेहरा दाखवला. आत त्यानं पाहिलंच नव्हतं." मग त्या खाली बघून म्हणाल्या, "आम्हीही नव्हतं पाहिलं."

दुसऱ्या दिवशी ठेला बंद. पाळी सुटली तसे लोक जमले. खाणीतला सुनील म्हणाला, "लटारूभाऊ, काऊन बसले? घोटा न."

"तीन बोटं घालून पाह्य तोंडात," लटारू म्हणाला.

सुनीलची दोन गेली. तो खो खो हसला. "खर्रा जाते न आत, मंग बस झालं!" बाकीचे पण हसले. एकानं हॉर्न वाजवला.

ठेल्यावाचून लटारूला दुसरं काय येत होतं! घर त्यावरच चालायचं, आणि आता नागपूर पुढं होतं. तेवढ्यात मयुरी ठेल्यामागच्या घरातून आली. तिनं पन्नी पसरली, सुपारी ओतली आणि घोटायला बसली. घोटून झाल्यावर सवयीनं चिमूट उचलली.

लटारूनं तिचं मनगट धरलं. ती चिमूट तिच्या बोटांतून काढून घेतली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. पहिल्यांदाच. जिभेची आग आग झाली, ठसका लागला. लोक टाळ्या वाजवायला लागले.

"चुना तेज हाय," तो म्हणाला. "सुपारी टाक थोडी. मी पुन्हा चाखून सांगतो."