पापणीचा रंग

काबरीच्या जबड्याखाली सूज दिसली आणि मास्तरीणबाई हातातला खराटा टाकून तिच्याजवळ गेल्या. महिन्याभरात दोन शेळ्या अशाच गेल्या होत्या. आधी जबड्याखाली पिशवीसारखी सूज, मग चारा सोडणं, मग एके दिवशी सकाळी गोठ्यात आडवी. आणि काबरी तर गाभण. तिला काही झालं तर एकटी जाणार नव्हती, पोटातलंही घेऊन जाणार होती.

चूक कुठे होतेय तेच कळत नव्हतं. चाळीस वर्षं शिंपीकाम करून मास्तरांनी दुकान बंद केलं आणि शेळ्या पाळायचं मनावर घेतलं, तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. पण माणूस कामाला चोख. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एकूण एक त्यांनी पाळलं. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या शेंड्यावर चढून बसतात, म्हणून दव वाळल्याशिवाय शेळ्या बाहेर सोडायच्या नाहीत. त्या ओरडून ओरडून गल्ली डोक्यावर घेत, मास्तर ढिम्म. पाला जमिनीवर पडायला नको, म्हणून जुन्या पडद्यांच्या झोळ्या शिवून त्यांनी मानेइतक्या उंच टांगल्या. भरडा मोजून, पाण्याची बादली रोज घासून. मुलाच्या लग्नातसुद्धा एवढे राबले नव्हते, असं मास्तरीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

जंताचं औषध मात्र सरसकट द्यायचं नव्हतं. तसं दिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. त्याऐवजी दर आठवड्याला शेळीची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. लाल असेल तर शेळी ठीक. फिकी पडली तर जंत रक्त पितायत, औषध द्या. हे काम मास्तर दुसऱ्या कुणाला करू देत नसत. "रंग ओळखायला मला शिकवू नका," असं त्यांनी डॉक्टरीणबाईंनाच सुनावलं होतं. कापड समोर धरलं की कुठला दोरा लागेल ते सांगणारा माणूस, त्यांना कोण काय बोलणार?

कालच त्यांनी सगळ्यांच्या पापण्या बघितल्या होत्या. सगळ्या लाल म्हणाले होते.

मास्तरीणबाईंनी काबरीची मान काखेत धरली आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली. लाल सोडा, गुलाबीसुद्धा नव्हतं. धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखं पांढरं होतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. गेल्या वर्षी गिऱ्हाइकाच्या निळ्या सदऱ्याला काळी बटणं लागली होती. सुईत दोरा ओवायला हल्ली मास्तरीणबाईंनाच हाक यायची. दुकान बंद करताना मास्तर म्हणाले, लोक तयार कपडे घेतात, आता धंद्यात राम नाही. मास्तरीणबाईंनीही ते खरं मानलं, कारण मानणं सोपं होतं.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "सूजही जंतांमुळेच. मी दिलेलंच औषध द्या, गाभण शेळीला चालतं," त्या म्हणाल्या. "पण अंदाजाने नको. छातीचा घेर मोजा, तक्त्यात वजन बघा, तेवढंच द्या. मी उद्या येते."

तेवढ्यात मास्तर पाल्याचा भारा घेऊन आले.

"काबरीला औषध पाजायचंय, धरा तिला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कशाला? लाल आहे ती. काल बघितलीय मी."

"पांढरी पडलीय."

"तुला काय कळतं गं रंगातलं? उगाच औषध ओतून जंत निर्ढावायला हवेत का?"

त्यांच्या पाठीमागे गुपचूप पाजता आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात पापण्या बघणार कोण? पुन्हा हेच. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून मास्तरीणबाई आत गेल्या आणि दोऱ्यांची पेटी काढली. डाव्या कोपऱ्यातल्या कप्प्यात चाळीस वर्षं लाल रीळ असायचं. त्यांनी ते उचलून तिथे हिरवं ठेवलं. स्वतःच्या नवऱ्याला असं पकडायचं, याची त्यांना लाज वाटली. हात मात्र थांबला नाही.

"घ्या," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "काबरीच्या पापणीला जुळणारं रीळ काढून दाखवा. गिऱ्हाइकाला दाखवायचात तसं."

मास्तरांनी नाक मुरडलं. काबरीची पापणी ओढली, तोंड अगदी जवळ नेलं, आणि मग न बघताच हात डाव्या कोपऱ्यात घातला. "हे बघ. अगदी हा लाल."

"हिरवं आहे ते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "लाल मी हलवलं."

मास्तर रीळ बोटांत फिरवत राहिले. मग भरड्याच्या पोत्यावर बसले.

"धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं सगळं," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? शिंप्याला दिसत नाही म्हणून?"

मास्तरीणबाईंना राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्हीला वेळ नव्हता. "परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. नाही म्हणायचं नाही. आत्ता टेप काढा."

टेप अजूनही मास्तरांच्या गळ्यातच असायचा. त्यांनी तो काबरीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती घेतला, केस दबतील इतपत ओढला आणि नेमक्या जागी नखाने दाबून धरला. हातांना काही सांगावं लागलं नाही. मास्तरीणबाईंनी आकडा वाचला, तक्ता बघितला, पिचकारीत औषध भरलं आणि तोंडाच्या कडेने सावकाश सोडलं. काबरीने गिळलं आणि फुर्रकन शिंकली.

"त्या दोघी," मास्तर म्हणाले, "त्यांच्याही पांढऱ्याच असणार?"

"मी बघितल्याच नाहीत. तुम्ही लाल म्हणालात, मी ऐकलं. मीही बघायला हवं होतं."

मास्तर उठले. भिंतीला हात लावत गोठ्याच्या टोकाला गेले, पुढची शेळी ओढून आणली आणि गुडघ्यांत धरून तिचं तोंड वर केलं. मास्तरीणबाईंनी पापणीवर अंगठा ठेवला.

"खरं सांग हं," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून लाल सांगू नकोस."

"पांढरी आहे."

मास्तरांनी टेप उलगडला.