कोठडीची पडवी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. माझ्यात वाळू नाही, रंगीत दगड नाहीत, शेवाळाचा एक धागासुद्धा नाही. तळाशी प्लंबरच्या पाइपचा पांढरा तुकडा आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज, एवढाच माझा संसार. म्हणून माझी जागा स्वयंपाकघरामागे, धुण्याच्या बादल्यांशेजारी.

अलिबागच्या एका काचवाल्याने मला जोडलं, तेव्हा मी मोठी स्वप्नं पाहिली होती. पण काशीदला जहुराबी आणि इसहाकभाई या नवरा-बायकोच्या घरी आले, तर बैठकीच्या खोलीत आधीच एक मोठी टाकी होती. तिच्यात खाऱ्या पाण्यातले खडक, गोगलगायी, शंखात राहणारा खेकडा आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी. त्यांची नावं मियां आणि बीबी. या जातीत मादी मोठी, नर लहान. खोली भाड्याने घेणाऱ्या पर्यटकांना इसहाकभाई मुद्दाम सांगत, "आमच्या घरातल्यासारखंच हाय बघा." जहुराबी न ऐकल्यासारखं करत.

माझं काम वेगळं होतं. बाजारातून आणलेला मासा दिसायला धडधाकट असला, तरी त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे परजीवी असू शकतात. म्हणून नव्या माशाने आधी काही आठवडे माझ्याकडे राहायचं. गरज पडली तर त्याला तांब्याचं औषध द्यायचं. ते औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही. गोगलगायी आणि खेकडे त्याने मरतात, शिवाय वाळू आणि खडक ते शोषून घेतात. माझं उघडंबोडकं असणं असं उपयोगाचं होतं. हा नियम जहुराबींचा, आणि तो त्या कसोशीने पाळत.

माझं नाव मात्र इसहाकभाईंनी ठेवलं. नवा मासा आला की ते ओरडत, "कैदी आला! कोठडी उघडा!" सगळे हसत. हळूहळू घरादाराच्या तोंडी तेच नाव बसलं. एका थट्टेच्या शब्दाने पुढे काय होणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

त्यांच्या लेकीचं, माहीनचं, लग्न रेवसच्या अल्तमशशी झालं. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला जावई घरी आले. आदल्या दिवशी मुंबईला जाऊन त्यांनी पिवळ्या शेपटीचा एक निळा मासा घेतला होता. लाँच हलत होती, तरी पिशवी मांडीवर धरून, तिच्यावर स्वतःचा रुमाल पांघरून त्यांनी तो जपून आणला होता.

"अम्मी, हा तुमच्यासाठी."

जहुराबींचा चेहरा खुलला. पिशवी घेऊन त्या सवयीने मागच्या दाराकडे वळल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. तेवढ्यात त्यांची नणंद म्हणाली, "अगो भाभी, जावयाचा मासा कोठडीत टाकतेस?"

सगळे खो-खो हसले. अल्तमशही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

जहुराबी दारात थबकल्या. माझं पाणी तयार होतं, बुडबुडे सुटत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मागे फिरल्या. "कोठडीत कशाला गो? घरचा मेहमान हाय तो." आणि निळा मासा थेट मोठ्या टाकीत गेला.

मित्रांनो, त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून त्यांनी तसं केलं. संध्याकाळी माझ्याशेजारची बादली न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

काही दिवसांनी निळ्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. मग ते नाहीसे झाले. त्याच सुमारास अल्तमशचा फोन आला.

"मासा कसा हाय, अम्मी?"

"मजेत हाय, बेटा."

ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं. ते परजीवी गळून तळाला बसतात, तिथे त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते आणि ते पुन्हा मासे शोधत निघतात. जहुराबींना हेही माहीत होतं. पण शरमलेल्या माणसाला चांगल्या बातमीवर लवकर विश्वास ठेवावासा वाटतो.

ठिपके परत आले, आणि या वेळी तिन्ही माशांवर आले. मियां तळाला बसून धापा टाकू लागला. बीबी त्याच्या जवळून हलेना. तेव्हा कुठे जहुराबींनी तिघांना उचलून माझ्याकडे आणलं. त्या मोजून औषध घालत, पाण्याचा नमुना काचेच्या नळीत घेऊन रंग पडताळत. औषध कमी पडलं तर रोग जात नाही, जास्त झालं तर मासा जातो. त्यांचा हात जरासुद्धा चुकला नाही. उशीर तेवढा झाला होता. एका सकाळी मियां पाइपच्या आडोशाला निपचित पडलेला दिसला.

इसहाकभाईंनी त्या दिवशी थट्टा केली नाही. "ते नाव मी ठेवलं नसतं तर..." ते पुटपुटले.

"नाव तुमचं, पण हात माझा व्हता," जहुराबी म्हणाल्या.

मोठी टाकी आता माशांविना ठेवायची होती. मासाच मिळाला नाही तर परजीवी उपाशी मरतात. पण त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. पर्यटक विचारत, "मासे कुठे गेले?" जहुराबी पदर सावरत आत निघून जात.

अशात एके दिवशी अल्तमश आणि माहीन न कळवता आले. रिकामी टाकी पाहून जावई दारातच थांबले. "माझा मासा मेला?"

जहुराबींनी त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं. बादल्यांच्या शेजारी, उघड्या काचेत, त्यांनी मांडीवर जपून आणलेली भेट पोहत होती. मला माझ्या रूपाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"बेटा, नव्या माशाला आधी इथं ठेवायचं असतं. मला ठाऊक व्हतं," जहुराबी म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटंल म्हणून ठेवलं न्हाय. फोनवर खोटं बोलले. माझा मियां गेला."

"म्हणजे रोग मी आणला?"

"न्हाय. कुठल्याबी माशासंगं येतो तो. दार मी उघडलं."

अल्तमशनी खाली बसून माझ्या काचेतून माशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अम्मी, मी बाहेरून आलो की आमची आई मला पडवीतच थांबवते. पाय धुतल्याबिगर आत घेत न्हाय. मी काय तिचा कैदी हाय?"

"तरी चिखलाचे पाय घेऊन येतातच हे आत!" माहीन म्हणाली.

जहुराबी हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. इसहाकभाई घसा खाकरून म्हणाले, "आजपासून हिला पडवी म्हणायचं. कोठडीचं नाव काढंल त्याला चहा न्हाय."

निळा मासा आणि बीबी वाचले आणि यथावकाश मोठ्या टाकीत परतले. बीबी अजूनही खडकाच्या त्याच कपारीत झोपते, बाजूला लहान माशापुरती जागा सोडून. टाकी पुसताना जहुराबींचा हात तिथे अडतो. काचेवरचे डाग पुसले जातात; हा डाग त्या पुसू पाहत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही कधी मासे पाळलेत तर माझ्यासारखी एक साधी टाकी मागच्या दारी जरूर ठेवा. आणि चारचौघांत कुणी हसलं, तरी जे बरोबर आहे ते करायला लाजू नका. ती लाज घटकाभराची असते.

परवा अल्तमश पुन्हा आले. हातात पिशवी होती आणि पिशवीत एक इवलासा नारंगी मासा. बैठकीत ते थांबलेच नाहीत. मोठ्या टाकीकडे न पाहता सरळ मागे आले आणि म्हणाले, "अम्मी, पडवी मोकळी हाय ना?"